फौजदारांची मिशी आणि छोटा पॅड

फलटणचे निवृत्त फौजदार रंगराव जाचक, म्हणजे घरच्यांचे आबा, यांचा दोन गोष्टींवर फार जीव: स्वतःची झुपकेदार मिशी आणि जुनी काळी मोटार. नातीच्या वरातीसाठी मोटार चमकवायची होती, आणि सून मृणालचं गाड्या पॉलिश करायचं दुकान घराच्या अंगणातच होतं.

मृणालने पॉलिशच्या मशीनवर गरगर फिरणाऱ्या मोठ्या मऊ पॅडने बॉनेट आरशासारखं केलं. मग दाराच्या मुठीभोवती फिरवायला तिने मशीनला तळहाताहून लहान पॅड लावला. आबा कडाडले, "फौजदाराच्या गाडीला हे खेळणं?"

"आबा, मोठा पॅड कडेला घासला तर रंग जळेल."

"सबबी नकोत! मोठ्या गाडीला मोठाच पॅड!"

"बरं," म्हणत तिने मशीन बंद केलं. थोड्या वेळाने आबांनी मिशी कोरायला कात्री मागितली. मृणालने कुंपण छाटायची हातभर लांब कात्री अदबीने पुढे केली.

"अगं, हिने मिशी कोरतात होय?"

"मोठ्या माणसाची मिशी आहे ना, आबा!"

आबांनी कात्रीकडे पाहिलं, मिशी चाचपली आणि गदगदून हसले. "लाव पोरी तुझा छोटा पॅड. पण ही कात्री आधी लपव. तुझ्या सासूने पाहिली तर ती खरंच चालवील!"