ळ ची कोरी जागा

मी लहान होतो, घरात आजीजवळ बसलो होतो, तेव्हा बाजाराकडून एक आवाज आला. शेकडो माणसे एकदम ओरडली होती आणि त्या ओरड्यात एकच अक्षर घुमत होते, ‘ळ’. पाटीवर गिरवण्याआधी ते अक्षर मी असे कानाने शिकलो.

पाहुणे मंडळी, तुम्ही आत्ता ज्या दाराला टेकून उभे आहात ना, ते आमच्या सावळपेठेचे मधले दार. अलीकडे वरली आळी, पलीकडे खालली. दाराला कडी नाही. ती होती त्या जागी दोन भोके तेवढी राहिली आहेत. कडी का गेली आणि बाजार ‘ळ’ का ओरडतो, ही गोष्ट एकच आहे.

माझ्या आजोबांच्याही आधी इथे दाजीबांचा छापखाना होता आणि दर बाजाराला त्यांचे ‘लोकहाक’ वर्तमानपत्र निघे. पहिल्या पानावर चौकटीत कविता असायची, धान्याचे भाव तिच्या खाली. वाचता येणारे थोडे. म्हणून धोंडू कासार बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून पारावर चढायचा आणि मोठ्याने वाचायचा. आधी कविता, मग भाव. कविता झाल्याशिवाय व्यापारी तराजू उचलत नसत, असे सांगतात. बारशाला, लग्नाला लोक त्याच ओळी म्हणायचे.

त्या काळी सांडपाण्यावरून दोन्ही आळ्यांत भांडण पेटले. मधले दार होते रायाजीच्या जागेत. त्याची एकुलती एक लेक खालल्या आळीत दिलेली. भांडणात ती नवऱ्याच्या बाजूने बोलली, म्हणून रायाजीने दाराला कडी घातली आणि भैरोबासमोर शपथ घेतली, “या तोंडातून तिचं नाव निघणार नाही. दुसऱ्या कोणी घेतलं, तर मी त्या जागी बसणार नाही.” लोक त्याला घाबरून असत. त्याच्यासमोर तिचे नाव कोणी काढीना. बाप थकत चालला होता, डोळ्यांनी अधू झाला होता, आणि लेक दाराच्या पलीकडे नुसती उभी राहून परत जात होती. तिने जात्यावर ओव्या रचल्या. दाजीबांच्या बायकोने त्या ऐकल्या आणि नवऱ्याला म्हणाली, “या छापा. नावासकट छापा.”

दाजीबा छपाईचे अक्षरखिळे जुळवायला बसले, तर ‘ळ’चे घर रिकामे. फळबाजाराची जाहिरात आधीच बांधून ठेवली होती ना. केळी, नारळ, आवळे, जांभळे. सगळे ‘ळ’ तिकडे गेले होते. जाहिरात मोडायला वेळ नव्हता. दाजीबांनी ‘ळ’ची जागा कोरी सोडली आणि अंक तसाच छापला.

बाजार भरला. रायाजी नेहमीसारखा पाराच्या कडेला काठी घेऊन बसला होता. धोंडू वाचू लागला.

“भिंतीच्या पलीकडं माझ्या बापाचा ग म...” तो अडला. “म आहे, मग नुसता काना उभा आहे.”

“मका असेल,” कोणी म्हणाले.

“तुझ्या डोक्यात मकाच. बापाचा काय मका असतो?” भाजीवाली गिरजा म्हणाली. “मळा रे, मळा.”

“कडी घातली दाराला, आला भरून ग ग...”

“गळा!” या वेळी दहाजण बोलले.

मग काय, बाजाराला नादच लागला. तराजू खाली ठेवून माणसे पाराभोवती दाटली. वळसा घालून बाजाराला आलेली खालल्या आळीची माणसे वरल्या आळीवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहिली आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

“दोन आ... च्या मधून वारा जातो सारा वे...”

“आळ्यांच्या! वेळ!”

“माझ्या पायाला ग बंदी, कसा देवाचा ग खे...”

“खेळ!” झाडावरची पाखरे उडाली म्हणे.

धोंडूही रंगला होता. विचार न करता त्याने खालची सही वाचली. “सा, आणि पुढं नुसता उकार.”

“साळू!” अख्खा बाजार ओरडला.

कोणाचे नाव घेतले ते तेव्हा कळले. सगळे रायाजीकडे बघत होते.

रायाजी उठला. शपथच तशी होती. गिरजा हात जोडून म्हणाली, “तात्या, चुकून आलं हो तोंडातून.” काठी टेकत तो घराकडे न वळता आळीतून थेट मधल्या दारापाशी गेला. बाजाराला इथून कडी उपसल्याचा आवाज ऐकू आला, असे सांगतात. पलीकडे साळू उभी होती.

छापखाना केव्हाच बंद पडला. पण आजही बाजाराच्या दिवशी पारावरच्या फळ्यावर कोणीतरी नवी कविता लिहितो, ‘ळ’ची जागा कोरी सोडून, आणि खाली सही तीच. वरल्या आळीतला सगळ्यात वयस्क माणूस पाराच्या कडेला बसतो. या वर्षी आमचे बापू आहेत, ते पांढऱ्या पागोट्याचे.

ऐका, शेवटची ओळ चालली आहे. आता तुम्हीही ओरडा आमच्याबरोबर.

साळू!

बघा, बापू उठले. इकडेच येतील. दारातून जरा बाजूला व्हा, आणि त्यांना काही विचारू नका. ते दार ढकलतील आणि कोणाशी न बोलता पलीकडे निघून जातील.