बस्त्याव शेठचा फ्रीजर

वसईकडच्या एका गावात दर नाताळाला सात घरं मिळून गावठी रेड्याचं मटण घाऊक आणत आणि चिंचेखाली त्याचे वाटे घालत. एका वर्षी त्यांच्यातल्या बस्त्याव शेठने खाटेएवढा फ्रीजर घेतला आणि जाहीर केलं, "वाटे नकोत. सगळं मटण माझ्या फ्रीजरमध्ये राहील. लागेल तसं येऊन मागा."

शेठकडे ठेवलेली वस्तू परत येताना निम्मी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण शेठपुढे बोलणार कोण?

वाटे घालणारी कार्मेलीनबाय सुरी पुसत म्हणाली, "सोय चांगली आहे, शेठ. फक्त फ्रीजर माझ्या ओटीवर ठेवा. तुम्हाला बर्फ लागेल तसा येऊन मागा."

शेठने आपली पिशवी पुढे केली. तिच्यात एक वाटा पडला.

फ्रीजर अजून शेठकडेच आहे. बर्फ भरपूर होतो.