माशाच्या ठशाची नाणी

फार जुन्या काळी, इतक्या जुन्या की तेव्हाची माणसंही त्याआधीच्या जुन्या काळाच्या गोष्टी सांगत, एका राज्यात एक नाणेघर होतं. नांगराच्या फाळाला, विहिरीच्या खोदकामात, पडक्या देवळाच्या पायाशी जे प्राचीन नाणं सापडे, ते लोक तिथे आणून देत. या नाणेघराचा कारभार एका म्हाताऱ्या पारख्याकडे होता.

पारख्याचा आपल्या नाण्यांवर फार जीव. आलेलं नाणं तो आधी तळहातावर घेऊन नुसता बघत बसे. मग मऊ कापडानं माती पुसायची, तागडीत वजन करायचं, ठसा न्याहाळायचा आणि ज्या राजाचं असेल त्याच्या लाकडी खणात ठेवायचं, असं त्याचं काम चाले. कुठे सापडलं तेही तो चिठ्ठीवर लिहून नाण्याखाली सरकवी. खण वाढत गेले, भिंती भरल्या, तरी हवं ते नाणं तो डोळे मिटून काढून देई.

नाणेघराचा एक जुना रिवाज होता. दिवेलागणीपूर्वी एकही नाणं चटईवर सुटं राहता कामा नये, प्रत्येकाला आपापला खण मिळालाच पाहिजे. ऐकायला किती छान, नाही का? पण सगळा घोटाळा या रिवाजानंच केला.

वीस वर्षांपूर्वी एका संध्याकाळी एक झिजकं नाणं आलं. त्यावर एका बाजूला नुसती वळणदार रेघ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. पारख्याला ते ओळखेना. तसं सांगायची मात्र त्याला लाज वाटली, कारण "पारखीबाबांना ठाऊक नाही असं नाणं नाही" असं सारा गाव म्हणे. धातू तोच, वजन जवळपास तेच, म्हणून त्यानं ते सिंहछाप राजाच्या खणात टाकलं.

पुढे तसली नाणी येतच राहिली. ती सिंहछाप नाहीत हे पारख्याला केव्हाच उमगलं होतं. पण एक हलवलं तर बाकीच्यांबद्दलही कुणीतरी विचारणार. म्हणून नवीन आलेलं तो सिंहछापांच्या गर्दीत इकडे एक, तिकडे एक असं मिसळून देई. शहाण्या माणसाची खोड शहाणीच असते असं थोडंच आहे?

मग एके दिवशी भिवरा नावाची कुंभारीण आली. नदीकाठच्या कुंभारवाडीची म्हातारी, हातांना कायमची माती लागलेली. तिनं पदराच्या गाठीतून एक नाणं काढलं.

"बाबा, माती खणताना घावलं. हे कुणाचं, तेवढं सांगा. डोंगराकडचा सरदार म्हणतो, नदीकाठ त्याच्या पूर्वजांचा, सिंहछाप राजाचा. आम्हाला उठायला सांगतोय. महाराज म्हणाले, ज्यांच्या पूर्वजांची नाणी जमिनीत निघतील, जमीन त्यांची."

पारख्यानं नाणं हातात घेतलं. तीच वळणदार रेघ. इतक्या वर्षांची सवय, जीभ आपोआप वळली.

"सिंहछाप राजाचं," तो म्हणाला.

भिवरा म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणजे तसंच असणार. आता आठ दिवसांत चाकं उचलायची. दुसरीकडे असली माती मिळायची न्हाई, पण बघू." ती त्याच्या पाया पडली आणि आपलं नाणं त्याच्याकडेच ठेवून निघून गेली.

त्या दुपारी पारख्याला घास उतरेना. वाडीतली साठ घरं आपल्या एका शब्दानं उठणार, हे त्याला दिसत होतं. बायकोनं ताट तसंच पाहिलं आणि शेजारी येऊन बसली. त्यानं तिला सगळं सांगून टाकलं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "त्या खणाशी आलात की तुमचा हात घाईत असतो. एरवी किती हळुवार असतो."

"लोक काय म्हणतील गं?"

"म्हणतील चार दिवस. मी आहे ना घरी."

तेवढं ऐकून म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठला, नाणेघरात गेला आणि सिंहछापांच्या खणातून एकेक नाणं वेचू लागला. भिवराचं धरून सदतीस निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती राजापुढे चटईवर मांडली. निवाडा ऐकायला सरदार आला होता, भिवराही होती.

"महाराज, ही मी सिंहछाप म्हणून ठेवली. ती सिंहछाप नाहीत. मला हे वीस वर्षं ठाऊक आहे."

"मग कुणाची आहेत?" राजानं विचारलं.

"ते मला ठाऊक नाही." पारखी म्हणाला. "एवढं मात्र नक्की, सगळी कुंभारवाडीच्या काठावर सापडली आहेत. चिठ्ठ्या आहेत."

भिवरा चटईजवळ वाकली. एका नाण्यावर नुसतं शेपूट उरलं होतं, एकावर पाठीची रेघ, एकावर डोळा. सुटी असताना कुणालाच काही कळलं नसतं. पण सगळी एका ओळीत आली आणि तिला अख्खा मासा दिसला, शेपटीला दोन वेढे घातलेला.

"हा तर आमचा मासा," ती हळूच म्हणाली. "आमच्यात मडक्याच्या बुडाशी हाच काढतात. माझ्या आजीनं शिकवला, तिला तिच्या आजीनं."

राजानं तिथल्या तिथे वाडीतलं एक मडकं आणवून पालथं घातलं. बुडाशी तोच मासा होता. सरदार खाली मान घालून निघून गेला आणि कुंभारवाडी जागची हलली नाही.

पारख्यानं नाणेघराच्या किल्ल्या राजापुढे ठेवल्या. राजानं त्या परत दिल्या, पण सांगितलं, की यापुढे एकट्या पारख्याच्या शब्दावर कुणाच्या जमिनीचा निवाडा होणार नाही, आणि नाणेघरात एक खण न ओळखलेल्या नाण्यांसाठी राहील. म्हाताऱ्याला ते लागलं, पण पटलंही.

बाहेर पडताना त्यानं भिवरापुढे हात जोडले. तिनं ते आपल्या मातीच्या हातांत धरले.

"बाबा, काल तुम्ही ठाऊक नाही म्हणाला असता ना, तर मी कालच म्हटलं असतं, असली आणखी असतील तर दाखवा."

मुलांनो आणि मोठ्यांनो, जे ओळखता येत नाही त्याला खोटं नाव देऊ नये. ते बिननावाचं ठेवावं, म्हणजे ओळखणाऱ्या माणसाला ते सापडतं.