कलम नऊ आणि मंत्र्यांचं भाषण

व्यापारमंत्री राजेशिर्के नकली मालाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला संसदेची मंजुरी मागत होते. त्यातलं कलम नऊ म्हणत होतं की, नकलेचा नुसता संशय आला तरी माल बंदरात अडवायचा आणि चौकशी सहा महिन्यांनी करायची. म्हणजे गरीब देशांना जाणारी आपली स्वस्त, अस्सल औषधं धक्क्यावर पडून राहणार आणि तिकडे रोगी मरणार. हे कोणत्या बड्या कंपन्यांसाठी चाललंय, हे न कळायला आम्ही वार्ताहर दूधखुळे नव्हतो.

"चोरी केली नाही, तर भीती कशाला?" मंत्री गरजले आणि छापील भाषण पुढे वाचू लागले.

पूर्वी औषधाचं दुकान चालवणाऱ्या खासदार सुलभाताई केंजळे उठल्या. "अध्यक्षमहोदय, हे भाषण कुणाची तरी नक्कल आहे, असा मला संशय आहे. आधी जप्त करा, चौकशी सहा महिन्यांनी."

मंत्री भडकले. "पुरावा काय, ताई? पुराव्याशिवाय अडवता कसं? मला आत्ता बोलायचंय!"

"रोग्यालाही औषध आत्ताच हवं असतं, साहेब."

सभागृहात बाकं दणाणली. कलम नऊ गाळल्याशिवाय सही नाही, असा ठराव त्याच दुपारी एकमताने झाला. मंत्र्यांचाही हात वर होता.