खरोटेकाकांकडच्या पाहुण्या

नाशिकच्या एका सोसायटीत खरोटेकाका आणि सुलभाताई राहत. दोघांचेही जोडीदार वारलेले. लग्नाचा घाट न घालता उतारवयात त्यांनी एकत्र संसार मांडला होता. शेजाऱ्यांना सगळं कळत होतं, पण कुणी सुलभाताईंना काकांची बहीण म्हणे, कुणी भाडेकरू.

सोसायटीच्या वर्धापनदिनी ज्येष्ठ जोडप्यांचा सत्कार ठेवला होता. चेअरमन बोंद्रे माइकवरून एकेका जोडीला बोलावत होते. काकांचं नाव आल्यावर ते जरा अडखळले आणि गोड हसून म्हणाले, "आता आपले खरोटेकाका, आणि सोबत त्यांच्याकडच्या पाहुण्या!"

काकांची मान खाली गेली. सुलभाताईंनी त्यांचा हात धरला, त्यांना घेऊन पुढे आल्या आणि माइक मागून घेतला.

"बोंद्रेसाहेब, पाहुण्यांसमोर माणूस कवळी लावून हसतो. हे माझ्यासमोर कवळी काढून हसतात. मग मी पाहुणी कशी?"

सभागृहात हशा पिकला. बोंद्रेवहिनी तर डोळे पुसत म्हणाल्या, "अगदी खरं हो ताई, आमच्याकडेही तसंच!"

बोंद्र्यांचा हात नकळत तोंडावर गेला. मग ओशाळून, पण मनापासून ते म्हणाले, "या काका, या वहिनी. जोडीनं वर या."