धामणझिऱ्याची पहिली घागर

घड्याळं बघू नका, पाव्हणे. ही छोटी गाडी धामणझिऱ्याला थांबते ती तुमच्या फोटोंसाठी नाही. इंजिन आता डिझेलचं आहे, त्याला पाणीही लागत नाही. तरी ड्रायव्हर बूट काढून उतरतो, झऱ्यावर घागर भरतो आणि गुरांच्या त्या दगडी डोणीत ओततो. तोवर गाडी हलत नाही. मघाशी तुमच्यातलं कुणीतरी ‘काय नाटक आहे’ म्हणालं, म्हणून सांगतो.

रूळ नवे पडले तेव्हाची गोष्ट. पहिलं इंजिन घाट चढून आलं ते धापा टाकत. आमच्या गावाची रीतच अशी, की तहानलेला दारी आला तर कोण, कुठला हे विचारायचं नाही, आधी पाणी द्यायचं. इंजिनालाही पाव्हणा समजले! तुळसाबाई नावाच्या बाईनं त्याला कुंकू लावलं आणि पहिली घागर आपल्या हातानं पाजली. भोळेपणाची हद्द झाली, दुसरं काय!

मग भटाला दिली ओसरी, तसंच झालं. वर्षभरात रेल्वेच्या साहेबानं झऱ्याला तारेचं कुंपण घातलं आणि सगळं पाणी नळानं इंजिनाच्या टाकीत नेलं. वैशाखात डोण कोरडी पडली. गुरं मरू लागली, पोरं पाण्यावाचून तडफडू लागली. तुळसाबाई गाडीच्या ड्रायव्हरपुढे, दौलतरावापुढे, जाऊन उभी राहिली.

“तू तहानला आलता तवा म्या पाजलं. आता माह्या गावाले पाज.”

“साहेबाचा हुकूम नाही, बाई.”

बाईनं घागर रुळांमध्ये पालथी घातली आणि शेजारी बसली. म्हणाली, “गाव पेल्याशिवाय हे इंजिन बी पेणार नाही, अन् मी बी पेणार नाही.”

असं सांगतात, की टाकी काठोकाठ भरलेली, पण इंजिनात थेंब उतरेना. साहेबानं पाना-हातोडा घेऊन माणसं लावली, शिव्या घातल्या. काही उपयोग नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दौलतरावाला राहवेना. त्यानं बूट काढले, कुंपण तोडलं आणि तीच घागर भरून बाईच्या ओठांशी नेली. तिनं मान फिरवली, डोणीकडे बोट केलं. तो घागरीमागून घागर ओतत राहिला. गुरं प्याली, पोरं प्याली. त्याच घटकेला इंजिनातही पाणी उतरलं, म्हणे. तो धावत परत आला तेव्हा बाई गेलेली होती.

लोक म्हणतात, ती देवी झाली. मला याचा संताप येतो. देवी म्हटलं की हात जोडून मोकळं होता येतं. बाई तहानेनं मेली, आणि पाणी दहा पावलांवर होतं!

कुंपण पुन्हा कुणी घातलं नाही. तुम्ही कुठल्याही दारात जा, तांब्या पुढे येईल. पण गाडीच्या ड्रायव्हरला गाव आपल्या हातानं पाणी देत नाही. आजही नाही.