अर्धी ओळ मागे

एका गावात एक गवंडी होता, आणि त्याचा गळा गोड होता. नाव त्याचं अमोस. दिवसभर चुन्या-सिमेंटात हात आणि तोंडात गाणं, असा माणूस.

गावाच्या कडेला ख्रिस्ती मंडळींची पंचवीस-तीस घरं होती, आणि त्यांच्या मध्ये दगडाचं एक बैठं देऊळ; चर्चला ते देऊळच म्हणायचे. रविवारी सकाळी घंटा झाली की मंडळी पायताणं दाराशी काढायची आणि आत सतरंजीवर बसायची. बाया एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या अंगाला.

त्या देवळात एक रीत होती. मंडळीतल्या निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. त्यांच्या हातात गाण्याचं पुस्तक देऊन उपयोग काय? म्हणून गाणं सांगणारा एक ओळ म्हणायचा आणि थांबायचा. मग तीच ओळ सगळे म्हणायचे. तो ओळ द्यायचा, मंडळी ती उचलायची. असं करता करता गाणं पाठ व्हायचं आणि माणसाबरोबर घरी जायचं. खुरपताना तेच, पोर झोपवताना तेच.

ओळ द्यायचं काम अमोसच्या चुलत्याकडे होतं. त्याला सगळे याकोबतात्या म्हणायचे. अमोसचे आईबाप लवकर गेले, तेव्हा तात्यानंच त्याला वाढवलं होतं. तात्याचा आवाज म्हणाल तर घोगरा. ऐकायला म्हणून कुणी आलं नसतं. पण त्यानं ओळ दिली की देऊळ असं भरून यायचं, की बाहेर बांधलेली बैलंसुद्धा कान टवकारायची.

मंडळीत रिबकाआजी नावाची एक म्हातारी होती. ती दाराजवळच्या खांबाला टेकून बसायची. तिला ऐकू कमी यायचं आणि दमही कमी होता. त्यामुळे ती नेहमी अर्धी ओळ मागे असायची. सगळ्यांची ओळ संपायची, आणि मग एकट्या रिबकाआजीचे शेवटचे दोन शब्द देवळात फिरत राहायचे. पोरं फिदीफिदी हसायची. तात्या मात्र तिचं होईपर्यंत पुढची ओळ काढायचा नाही.

"तात्या, थांबता कशाला?" अमोस एकदा म्हणाला.

"तिचं व्हायचंय अजून," तात्या म्हणाला.

पुढं तात्याला दम लागायला लागला. एका रविवारी दुपारी त्यानं अमोसला जवळ बसवलं.

"आता ओळ तू देत जा."

"देतो. पण तात्या, काही सांगाल का नाही? कशी द्यायची?"

तात्यानं जरा विचार केला. "रानात कुणी तहानलेला आला, तर आपण कळशीतनं त्याच्या ओंजळीत पाणी घालतो. तेव्हा बघतो कुठं? त्याच्या ओंजळीकडं. ओंजळ भरली की थांबायचं. तो प्याला की परत घालायचं. एवढंच आहे बघ."

अमोसला ते पटलं. वर्षभर त्यानं तसंच केलं. गळा गोड असल्यामुळे मंडळीही खूश होती.

मग एकदा तालुक्याला मंडळ्यांच्या भजनांची स्पर्धा झाली. अमोस गेला आणि पहिला आला. त्याला एक भलीमोठी पितळी ढाल मिळाली. परीक्षकांपैकी एकजण त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "असा गळा खेड्यात वाया जातोय हो."

वाक्य एवढंसं. पण ते अमोसच्या मनात जाऊन बसलं, आणि तिथून काही उठेना.

तो घरी आला. ढाल त्यानं भिंतीवर टांगली. मग पुढच्या आठवड्यात त्यानं देवळात समोरच्या भिंतीला लागून दीड हात उंच ओटा बांधला. स्वतःच बांधला, वर गुळगुळीत फरशी बसवली. तोवर गाणं सांगणारा मंडळीतच सतरंजीवर बसायचा. आता तो ओट्यावर बसायला लागला. म्हणाला, "मागच्यांना दिसत नाही." दिसायचं कशाला होतं, ते कुणी विचारलं नाही.

नंतर माईक आला. स्पीकर आला. अमोस ओळ अशी काही वळवून, खेळवून, उंच नेऊन खाली आणायचा, की मंडळी तोंड उघडं टाकून बघत राहायची. ती ओळ उचलणार कशी? पहिल्या पहिल्यांदा लोकांनी खटपट केली. कुणी इकडं गेला, कुणी तिकडं. गाण्याचा पार चिवडा झाला.

अमोस हसून म्हणाला, "राहू द्या. तुम्ही नुसतं ऐका. मी म्हणतो."

मंडळी ऐकायला लागली. ऐकणं सोपं असतं. मांडी घालायची, भिंतीला टेकायचं. गाणं संपलं की कुणीतरी 'वा!' म्हणायचं. मग टाळ्याही व्हायला लागल्या. शेजारच्या गावांतून माणसं यायला लागली. देवळात जागा पुरेना. पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, नवीनच बदलून आले होते. ते म्हणाले, "अमोस, तुमच्यामुळं मंडळी वाढली." अमोसनं मान खाली घातली, पण ती नम्रपणानं नव्हे. हसू दिसू नये म्हणून.

एकटी रिबकाआजी तेवढी ऐकेना. ती आपली खांबाला टेकून म्हणतच राहायची, अर्धी ओळ मागे. अमोस एखादी नाजूक जागा घेऊन थांबायचा, की तेवढ्यात दारातनं तिचा चिरका आवाज यायचा. पाहुणी मंडळी वळून बघायची.

एका रविवारी उपासना सुटल्यावर अमोस तिच्याजवळ गेला.

"आजी, एक सांगू? तुम्ही मनातल्या मनात म्हणत जा. देवाला मनातलंही ऐकू जातं."

"देवाला जातं रे," आजी म्हणाली. "पण माझं मलाच ऐकू येत नाही, मग मनातलं कुठनं यायचं?"

आजूबाजूचे हसले. आजीही हसली. मग म्हणाली, "तुझं गाणं म्हणजे सर्कशीतला झोपाळा आहे बघ अमोस. खालून बघायला लई मजा येते. पण आमच्यासारखीनं त्यावर बसायचं कसं?"

अमोसला राग आला. पुढच्या रविवारपासून आजी गप्प राहिली. यायचं मात्र तिनं चुकवलं नाही. खांबाला टेकून, ओठ मिटून बसायची. अमोसला वाटलं, बरं झालं.

तात्यानं आता अंथरूण धरलं होतं. अमोस रोज संध्याकाळी कामावरून आला की त्याचे पाय चेपायचा. एकदा त्यानं विचारलं, "तात्या, तुम्ही मागं देवळात आला होतात तेव्हा माझं गाणं ऐकलंत. कसं वाटलं, ते सांगितलंच नाही."

"चांगलं गातोस. फार चांगलं."

अमोस सुखावला.

"ऐकलं आणि घरी आलो," तात्या म्हणाला. "आधी स्वतः काहीतरी म्हणून यायचो."

अमोस पाय चेपत राहिला. मग तात्यानं अमोसचा हात धरला. "एक काम सांगतो. मला माती देताना ते साधं गाणं म्हणा, 'वाट सरली'. पण सगळ्यांनी म्हणायचं. तू एकट्यानं म्हणू नको."

"म्हणतील की सगळे."

"शब्द दे."

अमोसनं शब्द दिला.

आठ दिवसांनी तात्या गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी कबरस्तानात सारी मंडळी जमली. शेजारच्या गावांतलीही आली. तात्या कुणाला ठाऊक नव्हता? पण खरं सांगायचं तर काहीजण अमोसचं गाणं होणार म्हणूनही आले होते.

अमोसनं शब्द दिला होता, आणि तो त्याला आठवतही होता. पण सकाळपासून त्याच्या मनात दुसरंच चाललं होतं. ज्यानं आपल्याला वाढवलं, त्याच्यासाठी साधं कसं गायचं? तात्याला शोभेल असं गायला हवं. एकदा मी म्हणतो, मग सगळे म्हणतील. अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि स्पीकर घेऊनच गेला.

शवपेटी खड्ड्यात उतरली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. अमोसनं माईक हातात घेतला आणि ओळ काढली.

"वाट सरली, दिवा मालवला, प्रभू, आता उजेड तुझा…"

सुरुवात त्यानं मोठी सुरेख केली. पण 'दिवा मालवला' म्हणताना त्याची नजर खाली गेली. पेटीच्या फळीवर मातीचं पहिलं ढेकूळ पडलेलं दिसलं. आणि त्याला हुंदका आला. सूर मध्येच तुटला, थरथरला, खाली आला.

मागून कुणीतरी म्हणालं, "वा!"

त्या माणसाच्या मनात वाईट काही नव्हतं. शेजारच्या गावचा भला माणूस. त्याला वाटलं, अमोसनं एक नवी जागा घेतली. आणखी दोघांनी माना डोलावल्या.

अमोस तिथंच थांबला. त्याचा चुलता खड्ड्यात होता, तो रडत होता, आणि त्याच्या रडण्याला दाद मिळत होती. त्याला त्या माणसाचा राग आला नाही. हे त्याला कुणी शिकवलं, ते अमोसला चांगलं ठाऊक होतं.

त्यानं माईक खाली गवतात ठेवला. डोळे पुसले. मग साध्या आवाजात, जशी तात्या द्यायचा तशी ओळ दिली.

"वाट सरली, दिवा मालवला…"

आणि तो थांबला.

कुणी उचलली नाही.

लोक वाट बघत उभे होते. आता पुढची ओळ कशी घेतो, ते ऐकायला सगळे तयार. तीन वर्षं मंडळी नुसती ऐकतच आली होती. ही ओळ आपली आहे, हे ती विसरूनच गेली होती.

"म्हणा की," अमोस म्हणाला. "तात्यासाठी म्हणा. मी त्यांना शब्द दिलाय."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुणी खाकरलं. कुणी पदर तोंडाशी नेला. कुणाला शब्द आठवेनात, कुणाला लाज वाटली. तुझ्या गोड गळ्यापुढं आम्ही काय तोंड उघडायचं, असं प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलं होतं. फावडी घेतलेली माणसंही थांबून राहिली. दिलेला शब्द आपल्या हातानंच मातीत चाललाय, असं अमोसला वाटलं.

तेवढ्यात गर्दीतनं रिबकाआजी काठी टेकत पुढं आली.

"अमोस, मी म्हणू का रे?" ती म्हणाली. "मोठ्यानं?"

अमोस तिच्याकडं वळला. त्यानं हात जोडले.

आजीनं ओळ उचलली. तोच चिरका, दम लागलेला, सुरात नसलेला आवाज. "वाट सरली… दिवा… मालवला…" एका ओळीला तिला चार वेळा श्वास घ्यावा लागला. पण तिनं ओळ शेवटपर्यंत नेली. तिच्यामागं एका बाईनं धरली. मग दुसरीनं. मग एका बाप्याचा जाड आवाज आला. आजीला जमतं तर आपल्याला न जमायला काय झालं?

अमोसनं पुढची ओळ दिली. आता तो समोरच्या तोंडांकडं बघत होता. कुणाचं कुठं अडतंय, कुणाचं व्हायचंय, ते बघत होता. तिसऱ्या ओळीला सगळं कबरस्तान गात होतं. 'वा!' म्हणणारा तो माणूसही गात होता, आणि रडत होता. फावडी चालू लागली. माती पडत राहिली आणि गाणं चालू राहिलं, खड्डा भरेपर्यंत.

पुढच्या रविवारी अमोसनं माईक आणला नाही. तो सतरंजीवर मंडळीत येऊन बसला, तात्या बसायचा त्या जागी.

बाहेरगावची मंडळी हळूहळू कमी झाली. पाळकसाहेबांना काळजी वाटली. ते म्हणाले, "अमोस, उपासनेला माणसं घटली हो."

"घटली, साहेब," अमोस म्हणाला. "पण डोळे मिटून ऐका, वाढल्यासारखी वाटतील."

पाळकसाहेबांनी त्या रविवारी खरंच डोळे मिटून ऐकलं. पुन्हा काही ते तसं बोलले नाहीत.

गळा अमोसचा अजूनही गोडच आहे. तो काही त्यानं टाकून दिला नाही, आणि टाकायचा तरी कशाला? ओटाही पाडला नाही, बांधकाम पक्कं होतं. त्या ओट्यावर आता रिबकाआजी बसते. तिला गुडघ्यांमुळं खाली बसवत नाही. ती अजून अर्धी ओळ मागेच असते. सगळ्यांचं म्हणून होतं, तिचे दोन शब्द मागं उरतात. पोरं हसतात.

अमोस थांबतो. तिचं व्हायचं असतं अजून.

तात्पर्य: गोड गळा ही देवाची देणगी आहे, पण देवळातलं गाणं लोकांनी आपल्याला ऐकावं म्हणून नसतं, तर सगळ्यांनी मिळून देवाला म्हणावं म्हणून असतं; ज्याच्या गाण्यानं बाकीच्यांची तोंडं मिटतात त्यानं करमणूक केली, आणि ज्याच्या गाण्यानं मुक्याचंही तोंड उघडतं त्यानं उपासना केली.